आत सरकणारे ठिपके

१

तुळजापुरात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि ती टिकून राहील याचा भरवसा कुणालाच नव्हता. त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत शामला सकाळी उठली की आधी सहाव्या खोलीत जाऊन दिवा लावून बघायची. दिवा मिणमिणता लागला तर चहा. लख्ख लागला तर चहा राहू दे, आधी यंत्र.

तिच्या वडिलांचं, दत्तोपंतांचं, यात्रेकरूंसाठी लॉज होतं. एका ओळीत सहा खोल्या आणि पुढं लांब ओसरी. एकाच गवंड्यानं एकाच मापानं बांधलेल्या त्या खोल्या. प्रत्येकीला हिरवं दार, एक खिडकी, एक कोनाडा, एक खुंटी. लोक रोज खोली चुकायचे, आणि रोज कुणी ना कुणी दुसऱ्याच्याच वळकटीवर बसलेलं सापडायचं. अश्विनी पौर्णिमेची गर्दी ओसरली तशा दत्तोपंतांनी शेवटच्या दोन खोल्या लेकीला देऊन टाकल्या. सहावीत यंत्र बसलं. पाचवीच्या खिडकीला काळं कापड ठोकून तिथं फोटो धुवायची अंधारी खोली झाली.

यंत्र म्हणजे तरी काय, जमवाजमव होती. शामलानं बंगळूरला तीन वर्षं संशोधन केलं होतं. आई गेली, वडील, तिचे नाना, एकटे पडले, आणि ती परत येऊन मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. बंगळूरच्या सरांनी तिची आठवण ठेवून एक जुनी क्ष-किरणांची नळी भाताच्या तुसात घालून पाठवली होती. गावात छातीचे फोटो काढणारे डॉक्टर पंचाक्षरी होते. त्यांनी नवं मशीन घेतलं आणि जुन्याचा ट्रान्सफॉर्मर तिला दिला. नळी तापू नये म्हणून तिच्यावरून सतत पाणी खेळवावं लागे. त्यासाठी लॉजवर कामाला असलेली नागूबाई छपरावरचं पिंप भरून ठेवायची आणि पुटपुटायची, "येवढ्या पान्यात धा मानसं न्हाली असती."

आणि नळीबरोबर सरांनी पाठवलेला, पोस्टाच्या तिकिटाएवढा एक पापुद्रा. पारदर्शक, कांद्याच्या सालीसारखा, नव्याच कुठल्याशा प्लास्टिकचा. त्यातले रेणू कसे रचलेत हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शामलानं शोधलं तर कलकत्त्याच्या परिषदेत तिच्या नावानं वाचलं जाणार होतं, आणि बंगळूरला सरांकडची नोकरीची जागाही तिची होणार होती.

पहिला फोटो निघाला त्या दुपारी ती ओली निगेटिव्ह घेऊन अंगणात धावली.

"नाना! नाना, बघा!"

दत्तोपंत तुळशीला पाणी घालत होते. "अगं, टिपकतंय ते. काय बघू? ठिपके आहेत."

"ठिपकेच तर हवे होते! नुसती गोल कडी आली असती तर सगळं विस्कळीत आहे असं झालं असतं. हे बघा, ओळीत आहेत. म्हणजे आत रचना आहे. रांगोळीसारखी. एकच आकृती पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा."

"आणि ती आकृती केवढी?"

शामला हसली. नानांनी नेमकं विचारलं होतं. "ते या ठिपक्यांवरून कळतं. पण हिशेब उलटा असतो. आकृती जितकी बारीक, तितके ठिपके मधल्या डागापासून लांब. आकृती मोठी असली की ठिपके आत, मध्याकडं येतात."

"लांब ते लहान नि जवळ ते मोठं," दत्तोपंत म्हणाले. "उलटंच सगळं. पण तू खूश आहेस ना? मग झालं. जा बंगळूरला. मी काय, देवीच्या पायाशी आहे."

२

खात्री करायला दुसऱ्या दिवशी तिनं तोच पापुद्रा, तसाच ताणून, तिथंच बसवून पुन्हा फोटो काढला. दोन्ही निगेटिव्ह एकावर एक धरून खिडकीत बघितल्या तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

ठिपके आत सरकले होते. केसभरच. पण सगळे, आणि सारखे.

कॅमेरा हलला असणार. तिनं मोजपट्टी लावली. हलला नव्हता. मोजपट्टीवर तरी कशाला विश्वास ठेवा? तिनं स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं, खलात घोटून पापुद्र्यावर भुरभुरलं. मिठाची रचना साऱ्या जगाला पाठ आहे. कॅमेऱ्यात काही बिघाड असेल तर मिठाच्या खुणाही सरकतील.

मिठाच्या खुणा जागच्या जागी उमटल्या. पापुद्र्याचे ठिपके आणखी आत आले होते.

ती ओसरीवर येरझारा घालू लागली. हे कुणी बघितलं नव्हतं! पापुद्रा तेवढाच होता, जाडीही तीच, तिनं दोनदा मोजली. फुगला नव्हता, ताणला नव्हता. तरी त्याच्या आतली जी आकृती पुन्हा पुन्हा येत होती, ती मोठी होत चालली होती.

संध्याकाळी डॉक्टर पंचाक्षरी आले तेव्हा तिनं त्यांना खाली बसूही दिलं नाही.

"काय म्हणतेस, सूज आली म्हणायची का त्याला?" ते चष्मा पुसत म्हणाले.

"सूज नाही, डॉक्टरकाका. समजा, चार विटांची एक नक्षी आहे आणि भिंतभर तीच आहे. उद्या बघावं तर नक्षी आठ विटांची. परवा सोळांची. भिंत तेवढीच, विटाही त्याच."

"विटांना कोण सांगतं, आज असं बसा, उद्या तसं बसा?"

"तेच तर शोधायचंय!" शामला म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही ते आनंदानं.

३

त्यानंतर रोज एक फोटो. रोज ठिपके आत. पहिल्यांदा केसभर सरकणारे आता बोटाच्या पेरानं सरकत होते. शामला अंघोळ करताना, वेणी घालताना आकडे पुटपुटायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, दत्तोपंतांच्या शामलाचं कुठं जमलंय की काय, एवढी उजळलीय.

एका दुपारी तिनं फोटो संपवून खटका बंद केला. ट्रान्सफॉर्मरचा घूं असा आवाज थांबला. आणि तो थांबल्यावर तिला कळलं की अजून एक घूं चालूच आहे. भिंतीपलीकडं. मग तोही थांबला. त्याच्याही पलीकडं एक होता. तोही थांबला. मग त्याच्या पलीकडचा.

ती हात खटक्यावरच ठेवून उभी राहिली. पाचव्या खोलीच्या बाजूनं आवाज आला असता तर समजण्यासारखं होतं. हा उलट्या अंगानं येत होता, आणि त्या अंगाला खोली नव्हती. ओळ सहावीला संपत होती. दत्तोपंतांना पुढं आणखी खोल्या काढायच्या होत्या, म्हणून गवंड्यानं त्या शेवटच्या भिंतीत एक दार तेवढं बसवून ठेवलं होतं. खोल्या झाल्या नाहीत. दाराला कायमची कडी होती.

शामलानं टाळी वाजवली.

टाळी पलीकडं वाजली. मग आणखी पलीकडं. मग आणखी. प्रतिध्वनी असता तर विरत गेला असता. हा नुसता लांब लांब जात होता, पण प्रत्येक टाळी कोरी, स्वच्छ, जणू तिथं तिथं कुणी आपल्या तळव्यांनी वाजवलेली.

तिनं तडक जाऊन कडी काढली आणि दार उघडलं. समोर निवडुंग. खाली उतरण, आणि उतरणीच्या तळाशी तामलवाडीकडून घाट चढणारी एसटी. वारा तोंडावर आला. शामला स्वतःशीच हसली. घाट आहे, आवाज घुमणारच. आणि आपल्या डोक्यात अष्टौप्रहर तेच एक, पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा.

दार लावताना एवढंच तिच्या मनात येऊन गेलं, की आपण हे उघडलं ते यंत्र बंद असताना.

४

दोन दिवसांनी ठिपके दिसेनासे झाले.

निगेटिव्हच्या मधोमध एक पांढरी गोल जागा राहायची. सरळ येणारा किरण फोटो जाळू नये म्हणून तिथं शिशाची टिकली लावलेली असे. आत आत सरकत ठिपके त्या टिकलीमागं गेले होते. मिठाच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या.

"म्हणजे संपलं," डॉक्टर म्हणाले.

"संपलं कसं? कॅमेऱ्याला दिसेनासं झालं. आकृती आता त्याच्या आवाक्याबाहेर मोठी झालीय."

"केवढी?"

"काय सांगू? मुंगीएवढी असेल."

"आणि अशीच वाढत राहिली तर? पापुद्रा तर तिकिटाएवढा. त्यात मावायची थांबली म्हणजे?"

हा प्रश्न तिला सुचला नव्हता, आणि सुचला नव्हता याचंच तिला नवल वाटलं. डॉक्टर म्हणाले, "पोरी, मी फार शिकलेला नाही त्यातलं. पण छातीचा फोटो काढताना एक पाळतो. जे बघायचं ते बघून झालं की बटण बंद. उगाच किरण चालू ठेवत नाही. तू बंद कर आता."

"एकच फोटो, काका. टिकली लहान करून. सरांची तार आलीय, सोमवारी सगळं घेऊन या म्हणून."

डॉक्टरांनी मान हलवली, ना हो ना नाही, आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र चालू करून शामला पाचव्या खोलीत औषधं कालवत बसली. त्या वेळी लॉजमध्ये एकच जोडपं उतरलेलं होतं, तामलवाडीचे धुळाप्पा आणि त्यांची बायको अयोध्या. शामला बाहेर आली तर धुळाप्पा ओसरीवर तांब्या घेऊन उभे.

"बाई, पानी लई कोमट हाय बगा तुमच्या हितलं. तांब्याचा वास मारतोय."

"कुठून घेतलंत? पिण्याचं तर पहिल्या खोलीबाहेर आहे."

"तुमीच दिलं की," धुळाप्पा म्हणाले. मग त्यांनी तिच्या मागच्या दाराकडं बघितलं. "आँ? तुमी तर आत्ता ह्या खोलीतनं आलाव."

"कुणी दिलं, मामा?"

"त्या शेवटच्या खोलीत कुनी न्हवतं. आतलं दार उगडं दिसलं म्हनून पल्याड गेलो. तिथं हुत्या की बाई. तुमच्यावानीच. बोलल्या मातुर न्हाईत. नळीचं पानी वतलं तांब्यात." त्यांनी जरा विचार केला. "त्यांच्या पल्याड बी कुनी हुतं. म्या न्हाय गेलो."

शामलानं त्यांच्या हातातला तांब्या घेऊन वास घेतला. नळीवरून फिरून आलेलं पाणी असंच लागायचं. "तुम्ही खोली चुकलात मामा," ती म्हणाली. "इथं सगळेच चुकतात."

"व्हय, आसंल," धुळाप्पा म्हणाले. पण अर्ध्या तासात नवराबायको गाठोडं बांधून, भाडं देऊन, भर उन्हाचे एसटीच्या थांब्याकडं चालू लागले.

तिनं तेव्हाच खटका बंद करायला हवा होता. तिलाही ते कळत होतं. पण त्या कळण्याच्या वर, छातीत धडधडत, दुसरंच काहीतरी होतं. ती भीती नव्हती. लहानपणी यात्रेच्या पाळण्यात वर जाताना पोटात जो गोळा यायचा, तो होता.

५

दुपारी तिनं फोटो काढून घेतला, पण यंत्र चालूच ठेवलं, जमलं तर लगेच दुसरा लावायचा म्हणून. पाचव्या खोलीचं दार आतून लावलं आणि मिट्ट काळोखात निगेटिव्ह औषधात सोडली. आता ती तयार होईपर्यंत दार उघडायचं नाही. उजेडाची तिरीप जरी आत आली तरी सगळं काळं.

ओसरीवर नानांच्या वहाणा करकरल्या.

"शामा, जेवायला चल. भाकरी गार होतेय."

"आले नाना. धुतेय."

तिचा आवाज बंद दारातून त्यांना ऐकू गेला नसावा. वहाणा पुढं गेल्या. सहाव्या खोलीत शिरल्या. "शामा?" नाना म्हणाले, आणि मग समाधानानं, "इथं होय!"

शामला काळोखात ताठ झाली.

करकर, करकर. सहावी खोली ओलांडायला वेळ तो किती? वहाणा भिंतीपाशी पोचल्या असतील. आता थांबतील. थांबल्या नाहीत. करकर, करकर, त्याच संथ चालीनं, पुढं. आता नाना उतरणीवर असायला हवे होते. निवडुंगात. पण पायांखाली फरशीच वाजत होती. पुढं, आणखी पुढं, लांब.

शामलानं दार सताड उघडलं. ऊन आत कोसळलं. कुंडीतली निगेटिव्ह तिच्या डोळ्यांदेखत काळी पडली असेल, तिनं बघितलंही नाही. ती सहावीत, खटक्यापाशी धावली.

भिंतीतलं दार उघडं होतं.

त्याच्या पलीकडं खोली होती. हिरवं दार, खिडकी, कोनाडा, खुंटी. टेबलावर यंत्र, यंत्राचा घूं. त्या खोलीच्या शेवटच्या भिंतीत उघडं दार, आणि त्याच्या पलीकडं खोली. त्याच्याही पलीकडं. किती, याला डोळा पुरत नव्हता. प्रत्येक खोलीत खटक्यापाशी एक बाई पाठमोरी उभी होती, वेणी पाठीवर, पदर खोचलेला. आणि प्रत्येक दाराच्या उंबऱ्यात, एक पाय पलीकडं टाकलेले, पाठमोरे नाना.

शामलाच्या दारातही. हाताच्या अंतरावर.

पावलं तर लांब गेली होती. मग हे इथं?

मागं वळून बघावं असं तिला अनिवार वाटलं. ती वळली नाही. समोरच्या ओळीतलीही कुणी वळली नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही तिच्या मनाचा एक कोपरा आनंदानं ओरडत होता, की बघ, बघ, अशी असते रचना, आतून अशी दिसते!

मग दारातल्या नानांनी उंबऱ्यावरचा दुसरा पाय उचलला.

"नाना!"

हाक एकटीची उठली नाही. ओळभर उठली, खोलीखोलीतून, तिच्याच गळ्यानं. ओळभर नाना वळले. ओळभर माना, ओळभर चष्म्यांवर खिडकीचं ऊन. नाना उंबरा ओलांडून आत आले, आणि त्यांचं पाऊल फरशीला लागताक्षणी शामलानं खटका खाली ओढला.

घूं थांबला. मग पलीकडचा. मग त्याच्या पलीकडचा. कितीतरी वेळ ते एकेक थांबत राहिले.

उघड्या दारात निवडुंग हलत होता. खाली घाटात एसटीनं भोंगा दिला.

"किती हाका मारायच्या त्या?" नाना म्हणाले. "एकदा मारली तरी ऐकू येतं मला."

६

दोघं जेवायला बसले. नानांनी ताक वाढून घेतलं, भाकरी चुरली. मग घास हातातच ठेवून त्यांनी तिच्याकडं बघितलं. एखाद्या अनोळखी गावात पत्ता विचारावा तसं, जरा संकोचून, ते म्हणाले, "शामा, मला बोलावलं ती तूच ना?"

लांब गेलेली पावलं तिनं कानांनी ऐकली होती. आणि आत आले ते पहिल्याच उंबऱ्यावरून.

"हो नाना," ती म्हणाली. "मीच."

"मग ठीक," नाना म्हणाले आणि जेवू लागले. जेवण नेहमीसारखंच. बोट चाटणं नेहमीसारखंच. ती बघत राहिली, आणि आपण बघतोय हे त्यांना कळू नये म्हणून खाली मान घालून पुन्हा बघत राहिली.

त्याच दुपारी तिनं पापुद्रा चुलीत टाकला. तो आक्रसला, मेणासारखा ठिबकला, गेला. सरांना तार केली, नमुना बिघडला, येत नाही. तारघरातून परतताना तिला रडू आलं. ते भीतीचं होतं की हातची जागा गेल्याचं, तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महांतप्पा गवंडी आला. दार काढून विटांनी बुजवायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. डॉक्टर पंचाक्षरीही आले. शामलानं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी तिचा एक शब्दही खोडला नाही, फक्त काम संपेपर्यंत तिथून हलले नाहीत. सहाव्या खोलीत ट्रान्सफॉर्मर तारा तोडून एका बाजूला पडला होता. नाना बाजेवर बसून बघत होते, आणि शामला त्यांच्या पायाशी.

महांतप्पानं वीट ठेवली, थापीच्या दांड्यानं ठोकली. टक टक. पुढची वीट घेता घेता तो थबकला.

पलीकडून आलं. टक टक.

त्यानं पुन्हा ठोकलं. पुन्हा आलं. त्यानं अर्ध्या भिंतीवरून वाकून पलीकडं बघितलं. उतरण होती, दुसरं काही नाही.

"डाक्टर," तो हळूच म्हणाला, "पल्याडनं बी कुनीतरी भिताड घालतंय जनू."

"घाट आहे, आवाज घुमतो," डॉक्टर म्हणाले. "तू बांध. थांबू नकोस."

महांतप्पा बांधत राहिला. शामलाला एकदम हायसं वाटलं. बंद करताहेत, सगळीकडंच बंद करताहेत, आपल्यासारखंच! प्रत्येक विटेला उत्तर येत होतं. दुपार व्हायला आली तेव्हा वरची शेवटची वीट बसली. टक टक. पलीकडं टक टक. मग त्याच्या पलीकडं. मग ते आवाज लांब लांब जात गेले, आणि ही वेळ पहिलीच, की संपले. खोलीत इतकी शांतता झाली की ओल्या चुन्याचा सरसर आवाज ऐकू येत होता.

नानांनी शामलाच्या डोक्यावर हात ठेवला. "सगळ्यांचे सगळे पोचले असतील ना गं आपापल्या घरी?"

शामलाला हो म्हणायचं होतं. पण ती इतके दिवस पापुद्राच तर बघत आली होती. कितीही मोठा असो, कुठंतरी त्याला कडा असतेच. सगळे नाना एकेक घर अलीकडं सरकले असतील, तर त्या टोकाच्या, अगदी शेवटच्या खोलीतल्या शामलाकडं कोण आलं असेल?

तेवढ्यात भिंतीपलीकडून, कितीतरी भिंतींच्या पलीकडून, सुतासारखी बारीक हाक आली.

"नाना..."

आवाज शामलाचा होता. शामलानं ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं झटकन नानांचा हात दोन्ही हातांनी धरला, पण त्याआधीच, लेकीनं हाक मारली की आयुष्यभर देत आले तशी, अगदी सहज, नानांनी ओ दिली.